एक दिवसाची पिल्ले : पहिल्या आठवड्याची निगा

थोड्या भांडवलावर घरच्या घरी करता येण्याजोगा जोडधंदा म्हणून अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबे आणि महिला बचत गट कुक्कुटपालनाकडे वळतात. अशा कुटुंबाच्या दृष्टीने उबवणी केंद्रातून आणलेली शंभर पिल्ले ही मोठीच गुंतवणूक होय. परंतु पुष्कळदा त्यांतील कित्येक पिल्ले पहिल्या काही दिवसांतच दगावतात आणि ‘रोग पडला’ असे म्हणून दैवाला बोल लावला जातो. वस्तुतः या दिवसांतील मरतुकीमागे बहुधा थंडी, तहान, गर्दी व ओल ही कारणे असतात. ती दूर करणे पालकाच्या हाती आहे.

दाईची जागा

अंगणातील खुडूक कोंबडी आपली पिल्ले पंखाखाली घेते. यंत्रात उबवलेल्या पिल्लाला ही माया नसते. त्याच्या अंगावर पिसे नसून नुसती मऊ लव असते आणि शरीराची उष्णता स्वतः राखण्याची शक्ती त्यास पहिले दोन-तीन आठवडे पुरेशी आलेली नसते. म्हणूनच ऊब देणाऱ्या साधनास ‘कृत्रिम दाई’ असे समर्पक नाव मिळाले आहे.

अंड्यातील बलकाचा शेष पिल्लाच्या पोटात असतो व त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरू शकते. यामुळेच एक दिवसाची पिल्ले दूरवर पाठविता येतात. तथापि बलकाने पोषण मिळते, ऊब मिळत नाही. प्रवासात गारठलेली व तहानलेली पिल्ले मुक्कामी पोहोचताच त्यांची व्यवस्था तयार असणे अगत्याचे आहे.

पूर्वतयारी

पिल्ले येण्यापूर्वी खोली झाडून, धुऊन, जंतुनाशक फवारून कोरडी करावी व भिंतींना चुना द्यावा. जमिनीवर भाताचे तूस किंवा भुईमुगाच्या टरफलांची सुमारे दोन इंच जाडीची कोरडी गादी पसरावी. बुरशी आलेले तूस कदापि वापरू नये, कारण त्या बुरशीने पिल्लांना फुप्फुसाचा विकार होतो. गादीवर पहिले तीन-चार दिवस खरखरीत कागद अंथरावा, म्हणजे पिल्ले तूस खाणार नाहीत.

शंभर पिल्लांसाठी पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे दीड फूट उंचीचे व पाच-सहा फूट व्यासाचे गोल कडे करावे. चौकोनी जागेत पिल्ले कोपऱ्यात दाटतात व गुदमरतात. दर पिल्लामागे साधारण दोन वॅट या हिशेबाने दिवे टांगावेत. पिल्ले येण्याच्या आदल्या दिवसापासूनच दिवे लावून जागा तापवून ठेवावी. पिल्ले वाढतील तसे कडे मोठे करीत जावे.

ऊब आणि तिची पारख

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सियस तापमान असावे. पुढे दर आठवड्यास सुमारे ३ अंशांनी ते कमी करावे. तापमापक नसला तरी पिल्लांच्या वागण्यावरून अचूक अंदाज येतो. ती दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करीत असतील तर ऊब अपुरी आहे. कड्याला चिकटून, चोच उघडी टाकून धापा टाकीत असतील तर उष्णता फार झाली आहे. सर्व एकाच बाजूस गोळा झाली असतील तर दुसरीकडून वाऱ्याचा झोत येत आहे. सर्वत्र विखुरलेली, खात-पीत व स्वस्थ झोपणारी पिल्ले हीच योग्य उबेची खूण होय. ही पाहणी रात्रीही करावी, कारण गर्दीतून होणारे मृत्यू बहुधा रात्रीच घडतात.

वीज जाण्याची शक्यता गृहीत धरून कोळशाची शेगडी जाळीच्या आवरणाखाली तयार ठेवावी. मात्र ती वापरताना वरच्या बाजूने हवा खेळती राहील याची खात्री करावी. बंद खोलीतील कोळशाचा विषारी वायू पिल्लांना व माणसांनाही घातक ठरतो.

आधी पाणी, मग खाद्य

पिल्ले उतरविताच प्रत्येकाची चोच उकळून कोमट केलेल्या पाण्यात एकदा हलकेच बुडवावी, म्हणजे पाणी कोठे आहे ते त्यास कळते. या पहिल्या पाण्यात थोडा गूळ किंवा साखर घालावी. भांडी उथळ असावीत व ती रोज घासावीत. पाणी प्याल्यावर तास-दोन तासांनी कागदावर मक्याचा बारीक भरडा पसरावा व दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचे समतोल खाद्य द्यावे. पाण्याभोवतालची ओली गादी लगेच बदलावी. तिसऱ्या आठवड्यापासून उद्भवणारी रक्ती हगवण ओल्या गादीतच फोफावते.

रोगप्रतिबंध

मरेक्स रोगाची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी दिली जाते. ती दिल्याची खात्री पिल्ले घेतानाच करावी. मानमोडी अर्थात राणीखेत या रोगावर उपचार नाही. म्हणून पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत घालावा. गंबोरोची लस दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस दिली जाते. पुढील लसींचे वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्यावे. लस २ ते ८ अंश तापमानातच टिकते. ती बर्फात आणावी व सकाळी किंवा सायंकाळी, निरोगी पिल्लांनाच द्यावी.

पांढरी हगवण हा अंड्यावाटे कोंबडीकडून पिल्लाकडे येणारा रोग असल्याने पिल्ले खात्रीच्या केंद्रातूनच घ्यावीत. प्रतिजैविके सवयीने पाण्यात घालणे अयोग्य आहे. अशा वापराने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. याच कारणास्तव खाद्योपयोगी पशुपक्ष्यांसाठी कोलिस्टिन या औषधावर केंद्र शासनाने २०१९ मध्ये बंदी घातली.

गावाची जबाबदारी

मेलेली पिल्ले उकिरड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरावीत. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला व तेथील कुक्कुटपालकांना मोठी झळ सोसावी लागली. पक्षी एकाएकी मोठ्या संख्येने मरू लागल्यास ती वार्ता लपविणे किती महाग पडते, हे त्यावरून ध्यानी यावे. अनुसूचित रोगाचा संशय आल्यास ग्रामपंचायतीस किंवा ग्रामस्तरीय अधिकाऱ्यास कळविणे २००९ च्या केंद्रीय कायद्याने बंधनकारक केले आहे.

पिल्लांचे वाटप झाले म्हणजे योजनेचे काम संपले, असे होत नाही. वाटपापूर्वी लाभार्थ्याच्या घरी कडे, दिवे व गादी सिद्ध आहेत की नाहीत, हे पंचायत सदस्यांनी व विस्तार अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहावे. पिल्लांच्या वागण्यावरून उबेची पारख कशी करावी, हे शिक्षकांनी मुलांना शिकविल्यास ते ज्ञान सहजच घराघरांत पोहोचेल. पहिल्या सात दिवसांच्या या जागरूकतेवरच एखाद्या कुटुंबाची पुढील मिळकत अवलंबून असते.