पावसाचा आकडा आणि त्याची वाट

27 जुलै 2005 च्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच वेळात कुलाब्याला पडला जेमतेम 73 मिलिमीटर. एकाच शहरातल्या या दोन वेधशाळांच्या मधल्या वस्त्यांत कुठे किती कोसळतंय, हे 26 जुलैच्या संध्याकाळी कुणालाच सांगता येत नव्हतं. आपल्याकडच्या हवामानाच्या दूरमापनाचा मागोवा घेताना ही तारीख मधोमध येते.

त्याआधीचा मोठा काळ तारेचा होता. निरीक्षक ठरल्या वेळी पर्जन्यमापक उघडायचा, पाणी मोजपात्रात ओतायचा आणि आकडे पाच-पाच अंकांच्या सांकेतिक गटांत बसवून तार करायचा. जिथे माणूस आणि तारघर दोन्ही होतं, तिथलंच हवामान नकाशावर उमटायचं. घाटमाथे, बेटं आणि हिमालयातल्या खिंडी कोऱ्याच राहायच्या.

ही अडचण उपग्रहाने हलकी केली. 1983 मध्ये गेलेल्या इन्सॅट-1बीवर दूरवरच्या केंद्रांची माहिती झेलून खाली पाठवणारं उपकरण होतं. सौरपट्टी, बॅटरी, डेटा लॉगर आणि आकाशातल्या एका ठरावीक बिंदूकडे रोखलेला अँटेना एवढ्या सामग्रीवर निर्मनुष्य जागीही केंद्र उभं राहू लागलं. संदेश 402.75 मेगाहर्ट्झवर वर जायचा. मात्र वाट एकेरी होती. तो पोहोचला की नाही, हे केंद्राला कळायचं नाही. म्हणून तोच मजकूर वेगवेगळ्या क्षणी पुन्हा पाठवायचा आणि एखादा तरी इतर केंद्रांच्या संदेशांशी होणाऱ्या टकरीतून वाचेल असं धरून चालायचं. पुढे भारतीय हवामान विभागाच्या नव्या केंद्रांत जीपीएसच्या घड्याळावर प्रत्येकाला स्वतःची वेळ नेमून दिली गेली, तेव्हा हा गोंधळ मिटला.

मुंबईने दुसरी वाट धरली. 2005 च्या त्या महाप्रलयानंतर महापालिकेने अग्निशमन केंद्रांसारख्या इमारतींच्या छतांवर स्वयंचलित केंद्रं बसवली आणि दर पंधरा मिनिटांची नोंद आपत्कालीन कक्षात येऊ लागली. मोबाइलचं जाळं पसरलं तसं हे काम स्वस्त आणि सोपं झालं. अँटेनाचा कोन साधत बसायला नको. सिमकार्ड घातलं की झालं. 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘महावेध’ प्रकल्पाने राज्यातल्या दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांपर्यंत अशी केंद्रं नेली. पीकविम्यासाठी मंडळाचा पाऊस मोजला जाऊ लागला आणि गावकरी त्या आकड्यावर वादही घालू लागले.

या सोयीची दुसरी बाजू 26 जुलैनेच दाखवून दिली होती. त्या दिवशी वीज गेली आणि मोबाइलही मुके झाले. टॉवरवर विसंबलेलं केंद्र ऐन पुरात गप्प होऊ शकतं. कोकणात तर जुलैत दिवसचे दिवस ऊन पडत नाही. सौरपट्टी उपाशी राहते आणि क्षीण सिग्नल शोधत बसलेला मोडेम उरलीसुरली बॅटरी पिऊन टाकतो. त्यातून पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकला, तर यंत्र धो धो पावसातही शून्य पाठवत राहतं, आणि तेही अगदी वेळेवर.

वर्षातले बहुतेक दिवस कोणतीही वाट चालते. केंद्र उभारलं जातं ते उरलेल्या चार दिवसांसाठी, आणि निवड त्या दिवसांवरूनच व्हायला हवी. शहरात मोबाइल पुरेसा असेल. पण धरणाच्या वरच्या अंगाला आणि घाटात उपग्रहाची जोडवाट हवी, नोंदी लॉगरमध्येही साठायला हव्यात आणि बॅटरीचा हिशेब आषाढातल्या ढगांवरून मांडायला हवा. निविदेत केंद्रांची संख्या ठळक असते. तिच्याशेजारी मुसळधार पावसात किती केंद्रं बोलती राहिली, हाही आकडा दरवर्षी छापला, तर वीस वर्षांत काय कमावलं ते नेमकं कळेल.