पाच पट्ट्यांचा बाप

सेमाडोहची सिपना नदी पुढे तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला. दिवाळीच्या सुट्टीत त्याच समुद्रात, मालवणला, अमरावती-अकोल्याची किती तरी कुटुंबं जाऊन येतात. तिथल्या पाण्याखालच्या फोटोंत माणसाभोवती काळ्या पट्ट्यांच्या माशांची गर्दी दिसते. हा सार्जंट मासा. शास्त्रीय नाव अबुडेफडफ वायगिएन्सिस. चंदेरी अंग, पाठीवर पिवळी झाक, पाच उभे काळे पट्टे आणि लांबी फार तर २० सेंटिमीटर.

फोटोत येत नाही तो त्याचा संसार. विणीच्या दिवसांत नर खडकाचा एखादा भाग निवडतो, तोंडाने खरवडून साफ करतो. त्याचा रंग निळसर होतो. मादी येते, हजारो अंडी खडकाला चिकटवते आणि निघून जाते. पुढचं सगळं बापाकडे. जवळून पाहिलं तर खडकावर जांभळट-लालसर थर दिसतो. त्यातला प्रत्येक कण म्हणजे एक अंडं. नर त्यावर परांनी वारा घालावा तसं पाणी हलवत राहतो, म्हणजे अंड्यांना प्राणवायू मिळतो. खराब झालेली अंडी तो वेचून काढतो. जवळ येणाऱ्या माशावर, मग तो कितीही मोठा असो, धावून जातो. कारण तो जरा हलला की टपून बसलेले दुसरे मासे अंड्यांवर तुटून पडतात. पिल्लांचे डोळे अंड्यातूनच चमकू लागले की आठवडाभराच्या आत, बहुधा सूर्यास्तानंतर, ती बाहेर पडतात आणि प्रवाहाबरोबर निघून जातात. जरा मोठी झालेली पिल्लं तरंगत्या शेवाळाच्या आडोशाला राहतात.

मालवणचं प्रवाळ लक्षद्वीपसारखं विस्तीर्ण नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर ते तुकड्यातुकड्यांनी वाढलंय. पावसाळ्यात नद्यांचा गाळ आणि गोडं पाणी येतं, समुद्र गढूळ होतो. त्यात समुद्राचं तापमान वाढलं की प्रवाळ पांढरं पडतं. १९८७ साली इथे सुमारे २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. एवढ्याशा जागेत या माशांची बिऱ्हाडं आहेत, म्हणून ती जागा जपायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आणि म्हणूनच पावाचा मुद्दा. मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पाव टाकण्याची सवय जगभरच्या पर्यटनस्थळी आहे. सार्जंटचं खरं अन्न म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव आणि शेवाळ. ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर संशोधकांनी पाहिलं, की पर्यटक खाऊ घालत असताना सार्जंटच्याच जातभाईंची झुंबड उडते आणि बाकीच्या जातींचे मासे कमी दिसू लागतात. तेव्हा मालवणला गेलात आणि कुणी पावाचा तुकडा हातात दिला, तर नको म्हणा. खडकावर पाय ठेवू नका. अंतर राखून खडकाच्या उभ्या बाजूला नजर फिरवा. एकाच जागी घिरट्या घालणारा निळसर मासा दिसला, तर जांभळा थर त्याच्या मागेच असेल.