दुखिया, दुखी आणि कचरा

घरात कोंडून बसण्याची सवयच लागावी, इतके प्रसंग गेल्या काही वर्षांत वऱ्हाडावर आले. २०२० ची टाळेबंदी साऱ्या देशाचीच होती. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये बाकीचा महाराष्ट्र मोकळा फिरत असताना अमरावती आणि अचलपूर ही शहरे पुन्हा बंद झाली, अकोल्यातही निर्बंध आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावती दंगलीने पेटली. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. मे २०२३ मध्ये तीच पाळी अकोल्यावर आली. मजुराला काम नाही, वकिलाला पक्षकार नाही. अशा दिवसांत घरोघरी एकच उद्योग चालतो. इंटरनेट असेल तर मोबाइलवर, नसेल तर केबलवर किंवा कोणाकडून तरी आणलेल्या पेन ड्राइव्हवर सिनेमे पाहणे.

सिनेमाचे वेड वऱ्हाडाला नवे नाही. मध्यप्रांत-वऱ्हाड हा प्रांत नकाशावरून केव्हाच गेला, पण चित्रपट वितरकांच्या हिशेबात 'सी. पी. बेरार सर्किट' अजून जिवंत आहे आणि अमरावती हे त्याचे जुने ठाणे. राजकमल, चित्रा, प्रभात ही टॉकीजची नावे येथे चौकांना चिकटली आहेत. ज्या गावात माणूस पत्ता सांगतानाही टॉकीजचे नाव घेतो, तेथे सिनेमाकडे नुसती करमणूक म्हणून पाहून कसे चालेल?

बंदच्या त्या दिवसांत आमच्या घरी एक नियम होता. सिनेमा गाजलेला असो की टुकार, मुलीने वहीत तीन गोष्टी लिहायच्या. नायकाचे आडनाव काय, मरणाऱ्याचे आडनाव काय आणि फिर्याद कोणी नोंदवली. वकिली डोक्याचा हा खेळ. पण पंधरा-वीस सिनेमे झाल्यावर वही बोलू लागली.

आधी टुकार सिनेमांचे पाहू. 'सूर्यवंशम' (१९९९) केबलवर इतक्या वेळा लागतो की पोरांना तो पाठ आहे. त्यातले खीर-प्रकरण सोडा. निरक्षर हीरासिंगची बायको राधा जिल्हाधिकारी होते, तो भाग लागला की आमच्याकडच्या घरांत हातातले काम थांबते. कारण या घरांत कोणी ना कोणी स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन बसलेले असते. आई सिनेमात रमते आणि लेकाकडे पाहते. पण ती जिल्हाधिकारी कोणाची सून? ठाकूर भानुप्रतापसिंगाची. इज्जत ठाकुराची, हवेली ठाकुराची आणि शेवटी क्षमाही ठाकुरानेच करायची. 'गुंडा' (१९९८) हा तर टुकारपणाचा कळस मानला जातो. त्यातल्या गुंडांनासुद्धा बुल्ला, पोते, लंबू आटा अशी एकेक खास नावे आहेत. बरे, टुकार सिनेमा काही लपवत नाही. ठाकूर हा ठाकूर म्हणूनच मिशीला पीळ देतो. त्याच्या उलटतपासणीला पाच मिनिटे पुरतात.

वेळ लागतो तो अभिजात म्हणून नावाजलेल्या सिनेमांना. ज्यांच्याकडे आपण आदराने पाहतो, ज्यांना पुरस्कार मिळाले, जे 'आपल्या बाजूचे' म्हणून दाखवले जातात, ते वहीत उतरवताना मुलगीच थबकली. 'अछूत कन्या' (१९३६) मध्ये कस्तुरीच्या बापाचे नाव दुखिया. 'सद्गती' (१९८१) मध्ये लाकूड फोडता फोडता मरणाऱ्याचे नाव दुखी. 'लगान' (२००१) मध्ये संघात घेतलेल्या अस्पृश्याचे नाव कचरा. आडनावाचा रकाना तिन्ही ठिकाणी कोरा.

माझी आई अकोल्याकडची. ती म्हणाली, "आपल्यातबी कचरू, उकंडा, दगडू अशी नावं होतीच रे बाप्पू. लेकरू जगावं म्हनून ठेवत. पन त्यायच्यामागं बापाचं नाव होतं, आडनाव होतं, गाव होतं." तिचा मुद्दा कायद्याच्या भाषेत सांगायचा तर असा : नाव, वडिलांचे नाव, आडनाव, राहणार, एवढे असल्याशिवाय साधा अर्जही दाखल होत नाही. पडद्यावरच्या या माणसांना अर्जदार व्हायचेच नाही, असे लिहिणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेले असते. त्यांच्या वाट्याला फक्त दया.

१९३६ हे साल लक्षात घ्या. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे भाषण होऊ दिले नाही आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापून प्रसिद्ध केले, ते हेच वर्ष. त्याच वर्षी मुंबईच्या पडद्यावर देविकाराणीची कस्तुरी रेल्वेखाली जीव देत होती. तेवीस वर्षांनी बिमल रॉय यांचा 'सुजाता' (१९५९) आला. नूतनचा अभिनय अप्रतिम, यात वाद नाही. पण ज्या घरात सुजाता वाढली तेथे ती 'बेटी' नसते, 'बेटी जैसी' असते. ती बेटी केव्हा होते? घरच्या मालकिणीला रक्त लागते आणि सुजाताचेच रक्त जुळते तेव्हा. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा तीन वर्षे होत आली होती. लाखो माणसे कोणालाही रक्त न देता, कोणाची परवानगी न घेता माणूस झाली होती. 'सुजाता'मध्ये बुद्ध आणि चांडालिकेची कथा येते, पण चांडालिकेच्या लेकींनी नुकतेच काय केले, ते येत नाही.

'लगान'मधला कचरा चेंडू वळवतो, तोही अधू हातामुळे. म्हणजे आपल्या माणसाकडे कौशल्य दाखवायचे, तेही व्यंगातून आलेले! सत्यजित राय यांनी मात्र 'सद्गती'त खोटा दिलासा दिलेला नाही, हे मान्य केले पाहिजे. शेवटी पंडित प्रेत दोरीने ओढत नेतो आणि प्रेक्षकाला कुठे तोंड लपवावे ते कळत नाही. तरीही दुखीचा संताप लाकडावर निघतो, पंडितावर नाही. आणि फिर्यादीचा रकाना येथेही कोरा.

ज्या सिनेमाला आपली सुशिक्षित मंडळी 'साऊथचा डब केलेला' म्हणून नाक मुरडतात, त्यात कधी कधी वेगळेच सापडते. पा. रंजित यांच्या 'काला' (२०१८) मध्ये रजनीकांतच्या जीपचा क्रमांक आहे एमएच ०१ बीआर १९५६. आमच्या घरी ते दृश्य तीनदा मागे नेऊन पाहिले. एका नंबर प्लेटवर केवढा आनंद, असे कोणी म्हणेल. उपाशी माणसाला शितावरून भाताची परीक्षा करावी लागते.

आडनावाचा रकाना भरू लागला तो मराठीत. 'फँड्री'मध्ये (२०१३) जब्या आहे, पण तो जांबुवंत कचरू माने आहे. कचरू येथेही आहे, मात्र आडनावासकट. आणि त्याचा पोरगा शेवटी दगड उचलतो. 'सैराट'मध्ये (२०१६) काळे आणि पाटील ही आडनावेच सारी गोष्ट सांगून जातात. १४ मे २०२५ रोजी अमरावतीचे भूषण गवई देशाचे सरन्यायाधीश झाले. पडद्यावर मात्र गवई, तायडे, वानखडे किंवा इंगळे आडनावाचा न्यायाधीश मी अजून पाहिलेला नाही.

वहीतले तिन्ही रकाने ज्यात भरले, तो सिनेमा म्हणजे चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४). आरोपी नारायण कांबळे, लोकशाहीर. मरणारा वासुदेव पवार, गटारात उतरणारा सफाई कामगार. फिर्याद सरकारची, आणि आरोप काय, तर शाहिराचे गाणे ऐकून कामगाराने आत्महत्या केली! माझ्या वकील मित्रांना हा सिनेमा संथ वाटतो. तो संथ नाही, तारखा तशाच पडतात. साक्षीदार येत नाही, कागद सापडत नाही, सरकारी वकील बाई जुने कलम वाचून दाखवतात आणि संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाक करतात. कोणीही दुष्ट नाही आणि म्हाताऱ्या माणसाची वर्षे संपत राहतात.

नारायण कांबळे झाले होते वीरा साथीदार, नागपूरचे, 'विद्रोही' मासिकाचे संपादक, चळवळीत आयुष्य घातलेले. १३ एप्रिल २०२१ रोजी, भीमजयंतीच्या आदल्या दिवशी, नागपुरात कोरोनाने त्यांचा मृत्यू झाला. ती जयंती आपण घरातच केली. रात्री 'कोर्ट' पुन्हा लावला. जामीन मिळत नाही, न्यायालयाला उन्हाळी सुटी लागते, शिपाई एकेक दिवा मालवतो आणि दाराला कुलूप लागते. नारायण कांबळे आतच असतो.