मागच्या पडद्याला उशीर का होतो?

गाडीची किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे लगेच उजळतात. मागच्या सीटसमोरचा पडदा मात्र थोडा वेळ काळाच राहतो, मग कंपनीचे चिन्ह दिसते आणि त्यानंतर कुठे सिनेमांची यादी उघडते. हा उशीर म्हणजे यंत्राचा आळस नव्हे, ती विचारपूर्वक लावलेली रांग आहे. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत स्टार्टर फिरताना १२ व्होल्टच्या बॅटरीचे व्होल्टेज क्षणभर बरेच खाली येते, म्हणून करमणुकीची उपकरणे तेवढा वेळ बाजूला ठेवली जातात. मग गाडीतल्या नेटवर्कवरून जागे होण्याचा संदेश येतो. बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम लिनक्स किंवा अँड्रॉइडसारखी प्रणाली मेमरीत चढवतो, मग पडदा, आवाज आणि सर्वांत शेवटी ॲप. रांगेत पहिला मान सुरक्षेचा. अमेरिकेत २०१८पासून नव्या मोटारींत रिव्हर्स गिअर टाकल्यावर २ सेकंदांत मागचे दृश्य दिसणे बंधनकारक आहे. कार्टूनसाठी असा नियम नाही आणि नसावाच.

कोणी म्हणेल, मोबाइल तर बटण दाबताच उजळतो. पण तो बंद नसतो, डुलकी घेत असतो. पूर्ण बंद केलेला मोबाइलही सुरू व्हायला वेळ घेतोच. गाडीचा पडदाही असा अर्धवट जागा ठेवता येतो. मात्र गाडी कित्येक आठवडे पार्किंगमध्ये उभी राहिली, तर हाच थेंबाथेंबाने होणारा खर्च बॅटरी उतरवतो आणि मग गाडीच सुरू होत नाही. त्यापेक्षा मुलांनी थोडी कळ काढलेली केव्हाही बरी.