ट्रॅक्टरमागे ट्रॉली जोडताना

दिवाळी उलटली की कारखान्यांची धुराडी पेटतात आणि आपल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रीघ लागते. ट्रॅक्टर घेताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. इंजिन किती ताकदीचे, डिझेल किती खाते, लिफ्ट किती उचलते, सगळे विचारतो. पण ट्रॅक्टर आणि ट्रॉली ज्या एका लोखंडी पिनेने जोडली जाते, तिच्याकडे कोण पाहतो? पिन हरवली तर सळईचा तुकडा घालायचा, तोही नसला तर जुना बोल्ट. पंधरा टन ऊस त्या तुकड्याच्या भरवशावर गावातून, शाळेसमोरून जातो.

आधी जोडण्याची जागा पाहू. ट्रॉली ओढायची ती ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या हुकाने. हा हूक मागच्या धुऱ्याच्या उंचीपेक्षा खाली असतो, आणि तो तसा ठेवण्यात शहाणपण आहे. ट्रॉली चिखलात रुतली, मागची चाके फिरेनात, आणि चालकाने क्लच झटक्याने सोडला, तर इंजिनाची ताकद कुठे तरी जाणारच. चाक फिरत नसेल तर ट्रॅक्टरचे धूडच धुऱ्याभोवती फिरू पाहते, म्हणजे पुढची चाके वर उठतात. ओढ खालून असेल तर ती हे उठणे काही अंशी रोखते. पण साखळी वरच्या टॉप लिंकच्या जागी किंवा धुऱ्याला बांधली असेल, तर ओढच ट्रॅक्टरला मागे उलथवते. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर येतो. उडी मारायला वेळ मिळत नाही.

ही गोष्ट नवी नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास विलायतेत ट्रॅक्टर शेतात आले तेव्हा असेच उलटू लागले. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन याने याच दुखण्यावर डोके चालवून तीन ठिकाणी औजार जोडण्याची पद्धत काढली आणि १९३९ साली ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली. आज आपल्या प्रत्येक ट्रॅक्टरला मागे तीच जोडणी असते. मात्र ती नांगर-कल्टिव्हेटरसाठी आहे. टॉप लिंकला ट्रॉलीची साखळी अडकवणे हा तिचा उपयोग नव्हे. गाडी रुतली तर आधी मागे घेऊन पाहा, ऊस उतरवा, दुसऱ्या ट्रॅक्टरची मदत घ्या. चाकाला ओंडका बांधून जोर लावू नका.

आता पिन. ती योग्य जाडीची, भोकात फार न हलणारी, आणि खालून काटा घातलेली हवी. काटा नसलेली पिन खड्ड्यात उसळून वर येते. हंगामात आठवड्यातून एकदा तरी पिन काढून पुसून पाहा. मधोमध घासून कंबर पडली असेल तर ती भंगारात टाका. ट्रॉलीच्या दांडीची कडीही तशीच, गोल भोक लांबट झाले की तिचे आयुष्य संपत आले समजा. चिरलेल्या हुकावर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून डाग मारून घेण्याची आपल्याला सवय आहे. पण वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचे लोखंड ठिसूळ होऊ शकते आणि पुढच्या वेळी ते तिथेच तुटते. नवा हूक घ्या. एका खेपेचे भाडे वाचवायला असली जागा निवडू नये. शिवाय दांडीखालून दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन बांधाव्यात. पिन तुटलीच तर दांडी त्या साखळ्यांवर पडते, रस्त्यात रुतत नाही.

माता-भगिनींनो, पुढचे तुमच्यासाठी विशेष सांगतो. ट्रॅक्टर मागे घेताना पिन घालायला घरातले पोर मध्ये उभे करतात. धनी बसलेला असतो वर, पोर दांडी धरून खाली. क्लचवरून पाय निसटला, एक हातभर जास्त मागे आला, की मध्ये कोण आहे हे लोखंडाला कळत नाही. दांडीखाली जॅक लावून कडी हुकाच्या उंचीला आणा, ट्रॉलीच्या चाकांना दगड लावा, ट्रॅक्टर मागे घ्या, तो पूर्ण थांबवून ब्रेक ओढा, आणि मग चालकानेच खाली उतरून पिन घालावी. दोन मिनिटे जास्त जातील. मुलाला मध्ये उभे करू देऊ नका, नवऱ्याशी भांडण झाले तरी चालेल.

खरा धोका मात्र उतारावर. थोडा हिशेब करू. ट्रॅक्टर दोन टनांचा, मागे दोन ट्रॉल्या आणि ऊस मिळून पंधरा टन, एकूण सतरा. ट्रॅक्टरचा ब्रेक सहसा मागच्या दोन चाकांनाच असतो. त्या चाकांवर सुमारे १४०० किलो भार धरला आणि कोरड्या डांबरावर त्याच्या साठ टक्के पकड मिळाली, तर रोखण्याचा जोर होतो ८४० किलो. आता रस्ता वीस फुटांना एक फूट उतरत असेल, तर सतरा टनांचा लोंढा ८५० किलोच्या जोराने पुढे ढकलतो. म्हणजे ब्रेक दाबून चाके घट्ट झाली तरी हातात जवळजवळ काही उरत नाही. मग ट्रॉली ढकलते, ट्रॅक्टर आडवा होतो आणि दोन्ही कोयत्यासारखे मिटतात. रस्ता ओला असेल तर विचारूच नका.

म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे महाभाग आहेत, त्यांच्या शेजारी बसू नका. दोन ब्रेकचे पाय पट्टीने जोडूनच रस्त्यावर या. शेतात वळायला ते सुटे असतात, पण रस्त्यावर घाईत एकच पाय दाबला गेला तर ट्रॅक्टर गरकन फिरतो. सपाट रस्त्यावरही वरच्या हिशेबाने ताशी वीस किलोमीटरवर थांबायला सुमारे शंभर फूट लागतात. वेग दुप्पट केला तर अंतर चौपट, म्हणजे सुमारे चारशे फूट. पोरांना हे सांगा, कारण मोठ्याने गाणी लावून ट्रॉल्या पळवण्याची शर्यत तीच लावतात. मागच्याचा हॉर्नही मग ऐकू येत नाही. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक बसवून मिळत असतील तर ते पैसे वाया गेले असे मानू नका.

दोन चाकी ट्रॉलीत माल कसा भरता यालाही महत्त्व आहे. सगळा भार मागे गेला तर दांडी वर उठते आणि ट्रॅक्टरची मागची चाके हलकी पडतात. सगळा पुढे आला तर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. मोटारींच्या ट्रेलरला परदेशात ठोकताळा आहे, ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा. आता शहरातली मुले पेट्रोल आणि विजेवर मिळून चालणाऱ्या हायब्रिड मोटारी घेऊन गावी येतात आणि तिला छोटी ट्रॉली जोडावी का म्हणून विचारतात. अमेरिकेत विकलेल्या २०१९ सालच्या टोयोटा रॅव-४ हायब्रिडला कंपनीने १७५० पौंड, म्हणजे सुमारे ८०० किलो ओढण्याची मर्यादा घातली होती. आपल्या मोटारीच्या पुस्तकात असा आकडा नसेल, किंवा ओढू नये असे लिहिले असेल, तर विषय तिथेच संपवा. ट्रॅक्टरच्या पुस्तकातही ओढण्याची मर्यादा शोधा. ते पुस्तक बहुतेक घरी देव्हाऱ्याच्या फळीवर असते, वाचलेले मात्र नसते.

कागदाचेही पाहा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रॉलीचीही नोंदणी लागते आणि तिच्या मागे ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर दिसावा लागतो. विम्याच्या कागदावर ट्रॉलीचा उल्लेख आहे का, ते हंगामाआधी वाचून घ्या.

रात्री उसाचे वाढे बाहेर लोंबून मागचे दिवे झाकतात. म्हणून चमकणारे लाल पट्टे उसाच्या बाहेर, दिसतील अशा जागी बांधावेत. ट्रॉली पंक्चर झाली तर डांबरावर उभी करू नका. अगदीच इलाज नसेल तर मागे बऱ्याच अंतरावर दिवा किंवा चमकणारी खूण ठेवा आणि एक माणूस राखणीला उभा करा. आणि काम आटोपून ट्रॉली निघाली की चाकाला लावलेले दगड आठवणीने उचलून कडेला टाका. अंधारात मोटारसायकलवर बायकापोरांसह येणाऱ्याला ते दिसत नाहीत.