निळ्या घोड्यांचा चित्रकार

घोडा काळा असतो, पांढरा असतो, तांबडा असतो. पण निळा घोडा कुणी पाहिला आहे का? चित्रकलेच्या तासाला एखाद्या मुलाने निळा घोडा रंगवला, तर सारा वर्ग हसेल. फ्रान्झ मार्क या जर्मन चित्रकाराने मात्र निळे घोडे रंगवले, आणि तेही पुष्कळ विचार करून.

मार्कचा जन्म १८८० साली म्युनिक शहरात झाला. त्याचे वडीलही चित्रकार होते. मार्कला लहानमोठ्या सर्वच प्राण्यांची आवड होती. त्यातही घोड्यांवर त्याचा फार जीव. प्राण्यांची हाडे कशी जुळलेली असतात, स्नायू कसे हलतात, याचा त्याने बारकाईने अभ्यास केला होता. काही वर्षे तर तो हा विषय इतरांना शिकवून पैसे मिळवत असे. तेव्हा खरा घोडा कसा दिसतो हे त्याला ठाऊक नव्हते, असे कुणी म्हणू नये!

१९१० साली तो आल्प्स पर्वताजवळच्या सिंडेल्सडॉर्फ या खेड्यात राहायला गेला. तिकडचा वसंत आपल्या वसंतासारखा नसतो. आपल्याकडे पळस फुलतो आणि ऊन तापू लागते. तिकडे हिवाळाभर कुरणे बर्फाखाली झाकलेली असतात आणि घोडे तबेल्यात असतात. बर्फ वितळते, कोवळे गवत वर येते, तेव्हा कुठे घोडे मोकळे सुटतात. घोडीच्या पोटात शिंगरू सुमारे अकरा महिने वाढते आणि बहुधा वसंतातच जन्माला येते. या दिवसांत घोडीला ताजे गवत मिळते आणि शिंगराला भरपूर दूध. लांब पायांची ती पिले आईभोवती बागडताना पाहिली, की कुणालाही हातात कागद-पेन्सिल घ्यावीशी वाटेल.

मग निळा रंग कशासाठी? मार्क म्हणे, प्रत्येक रंगाला स्वतःचा स्वभाव असतो. पिवळा कोमल आणि आनंदी, तांबडा जड आणि दांडगा, तर निळा गंभीर, मनाला उंच नेणारा. ही कल्पना त्याने १९१० साली आपल्या चित्रकार मित्राला पत्रातून कळवली होती. घोडा आपल्याला कसा दिसतो एवढेच त्याला दाखवायचे नव्हते. घोड्याला हे जग कसे वाटत असेल, हा त्याचा प्रश्न होता. १९११ सालच्या एका चित्रात तरुण निळा घोडा मान झुकवून उभा आहे. मागे रंगीबेरंगी टेकड्या आहेत. त्या घोड्याकडे पाहिले, की तो काहीतरी विचार करत आहे असे वाटते.

१९१४ च्या वसंतात मार्कने रीड या गावी स्वतःचे घर घेतले. तेथे त्याने हरणेही पाळली. पण जुलैच्या अखेरीस पहिले महायुद्ध सुरू झाले आणि तो आपणहून सैन्यात गेला. युद्धातून जग शुद्ध होऊन निघेल, असे तेव्हा अनेकांना वाटत होते; मार्कलाही वाटले. रणभूमीवर मात्र त्याला दुसरेच काही दिसले. तेथे घोडे तोफा ओढत होते आणि माणसांबरोबर मरत होते. १९१५ साली त्याने एका छोट्या वहीत पेन्सिलीने छत्तीस चित्रे काढली. त्यांत लढाईची दृश्ये नाहीत. प्राणी आहेत, झाडे आहेत. १९१६ च्या फेब्रुवारीत त्याने मोठमोठ्या ताडपत्र्या रंगवल्या. शत्रूच्या विमानांना तोफा दिसू नयेत म्हणून त्या तोफांवर पसरायच्या होत्या.

नामवंत कलावंतांना आघाडीवरून परत बोलावण्याचे सरकारने ठरवले होते. त्या यादीत मार्कचे नाव होते. पण हुकूम पोहोचण्यापूर्वीच, ४ मार्च १९१६ रोजी, फ्रान्समधील व्हर्दूनजवळ घोड्यावरून टेहळणी करत असताना त्याला तोफगोळ्याचा तुकडा लागला. तो छत्तीस वर्षांचा होता.

‘निळ्या घोड्यांचा मनोरा’ हे त्याचे मोठे चित्र १९१३ सालचे. उंची सुमारे दोन मीटर. चार निळे घोडे एकावर एक रचल्यासारखे उभे. १९३७ साली हिटलरच्या सरकारने ते ‘बिघडलेली कला’ म्हणून प्रदर्शनात मांडले. युद्धात आघाडीवर मरण पावलेल्या सैनिकाचे चित्र तेथे का, अशी तक्रार माजी लष्करी अधिकाऱ्यांनी केली, तेव्हा ते काढून घेण्यात आले. १९४५ नंतर ते चित्र कुणाला सापडलेले नाही. ते रंगवण्यापूर्वी मार्कने त्याची लहान आवृत्ती एका कार्डावर काढून एका कवयित्री मैत्रिणीला नववर्षाच्या शुभेच्छा म्हणून पाठवली होती. ते कार्ड मात्र सुखरूप राहिले.