गुणांकनाची धास्ती आणि पटावरील डाव

बुद्धिबळ स्पर्धेच्या ठिकाणी पुढच्या फेरीच्या जोड्यांची यादी फलकावर लागते. लहान गावातून आलेला विद्यार्थी आपल्या प्रतिस्पर्ध्याचे गुणांकन, म्हणजेच रेटिंग, वाचतो आणि पुष्कळदा डाव तेथेच हरतो. ही धास्ती दूर व्हावयाची तर गुणांकन म्हणजे काय, हे प्रथम समजून घ्यावयास हवे.

भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी तयार केलेली ही पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. गुणांकन हा खेळाडूच्या आजवरच्या निकालांचा हिशेब होय. आजच्या डावाचा तो निवाडा नव्हे. दोन खेळाडूंमध्ये २०० अंकांचा फरक असल्यास वरच्या खेळाडूने शंभर डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत, अशी अपेक्षा असते. उरलेले २४ गुण दुसऱ्याच्या वाट्याचे असतात. बदलाचा गुणक २० असेल, तर अशा डावात हरणाऱ्या दुर्बल खेळाडूचे सुमारे ५ अंक कमी होतात; मात्र जिंकल्यास सुमारे १५ आणि बरोबरी साधल्यास सुमारे ५ अंक त्याला मिळतात. गमावण्यासारखे थोडे आणि मिळविण्यासारखे अधिक, असा हा व्यवहार आहे.

तथापि भीतीपोटी दोन चुका हमखास घडतात. काही खेळाडू बरोबरीच्या आशेने दिसेल ती मोहरामोहरी करतात आणि अंतिम टप्प्यात, जेथे अनुभवी खेळाडूचा हात सहसा वरचढ असतो, तेथे अडकतात. काही जण अविचारी हल्ला चढवितात. त्यापेक्षा सवयीची सुरुवात निवडावी, प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक खेळीमागील हेतू शोधावा, घड्याळातील वेळ राखावा आणि लढत शेवटपर्यंत सोडू नये. वेळ अपुरा पडला की मातब्बर खेळाडूही चुकतात.

नागपूरच्या कु. दिव्या देशमुख हिने २०२५ मध्ये हेच दाखवून दिले. जॉर्जियातील बाटुमी येथे झालेल्या महिला विश्वचषक स्पर्धेत तिला पंधरावे मानांकन होते. चीनची द्वितीय मानांकित झू जिनर व माजी विश्वविजेती तान झोंगयी यांना तिने हरविले. अंतिम फेरीत तिच्याहून अधिक गुणांकनाच्या कोनेरू हंपी यांच्याशी दोन्ही नियमित डाव बरोबरीत सुटले. नंतरच्या जलद डावांत दिव्याने विजय मिळविला आणि एकोणिसाव्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली.

शिक्षकांनी यातून एक गोष्ट अवश्य घ्यावी. स्पर्धेहून परतलेल्या विद्यार्थ्याला प्रतिस्पर्धी केवढा मोठा होता, हे विचारू नये. त्याने लिहून आणलेली खेळ्यांची नोंद समोर ठेवून डाव कोठे बिघडला, हे त्याच्याबरोबर शोधावे. गावच्या वाचनालयात एक पट, मोहऱ्यांचा एक संच व एक घड्याळ असले, तर या अभ्यासास पुरे. पटावर दोघांकडेही सोळाच मोहरी असतात, हे ज्या मुलाला उमगले, त्याची निम्मी तयारी झाली असे समजावे.